आधी नियम, मग चित्र

प्रस्तावना

या पुस्तकात डाव्या पानावर चित्र आहे आणि उजव्या पानावर ते चित्र काढणाऱ्या सूचना. लेखिका अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. शाळेत तिने चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या. दहावीनंतर, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, रंगपेटी माळ्यावर गेली. कॉलेजात पहिल्या सेमिस्टरला मूळ संख्या शोधणारे आणि पाढे छापणारे प्रोग्रॅम लिहून ती कंटाळली होती, तेव्हा एका सीनियरने तिला दाखवले की ज्या लूपने पाढा छापता येतो त्याच लूपने पडद्यावर वर्तुळांची रांगही काढता येते. तिथून पुढे तिने जे जे करून पाहिले त्याची ही वही. ती वाचताना मी दोन प्रश्न मनाशी धरले होते. यात कला किती आहे? आणि दुसऱ्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? ही प्रस्तावना म्हणजे त्या दोन प्रश्नांना दिलेली माझी उत्तरे.

आधी हे काम नेमके कसे चालते ते सांगायला हवे, कारण 'डिजिटल आर्ट' म्हटले की बहुतेकांना टॅब्लेट आणि स्टायलस आठवतो. त्यात साधन बदलते, पण रेघ हातानेच ओढली जाते. क्रिएटिव्ह कोडिंगमध्ये रेघ हाताने ओढायचीच नाही. कुठून सुरू करायचे, किती अंतर सोडायचे, किती वेळा करायचे, कधी थांबायचे, हे लिहून द्यायचे आणि 'रन' दाबायचे. लेखिका वापरते ते पी-फाइव्ह-जेएस हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते, वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. त्यात प्रत्येक चित्राचे, म्हणजे 'स्केच'चे, दोन भाग असतात. 'सेटअप'मधल्या सूचना एकदाच पाळल्या जातात, तर 'ड्रॉ'मधल्या सूचना साधारणपणे सेकंदाला ६० वेळा, स्केच बंद करेपर्यंत.

एवढ्याशा भेदातून किती काही निघते ते दुसऱ्या प्रकरणात दिसेल. पार्श्वभूमी रंगवणारी ओळ 'ड्रॉ'मध्ये लिहिली तर प्रत्येक वेळी पडदा पुसला जातो आणि एक ठिपका सरकताना दिसतो. तीच ओळ 'सेटअप'मध्ये नेली की पडदा पुसला जात नाही, ठिपका आपला माग सोडत जातो आणि त्या मागाचेच चित्र होते. कोडमध्ये एक ओळ जागेवरून हलली, बाकी काही बदलले नाही. नवख्याला चक्रावणारी आणखी एक गोष्ट लेखिकेने सुरुवातीलाच सांगून टाकली आहे, ते बरे झाले. शाळेच्या आलेखवहीत य-अक्षावरचे आकडे वर जाताना वाढतात, पडद्यावर ते खाली येताना वाढतात. शून्याची जागा वरच्या डाव्या कोपऱ्यात.

ही साधने आपोआप अवतरली नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये जॉन माएडा यांनी १९९९ साली 'डिझाइन बाय नंबर्स' ही चित्रकारांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा मांडली. तिचा कॅन्व्हास अवघा १०० बाय १०० पिक्सेलचा होता आणि रंग म्हणजे फक्त पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा. माएडांचे विद्यार्थी केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये 'प्रोसेसिंग' सुरू केले. ते मोफत होते, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला होता, आणि पहिल्या ओळीपासून काहीतरी डोळ्यांना दिसेल अशी त्याची रचना होती. त्याच विचाराचा ब्राउझरमधला अवतार म्हणजे पी-फाइव्ह-जेएस. लॉरेन मॅकार्थी यांनी त्याचे काम २०१३ मध्ये सुरू केले. आज एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला जुन्या लॅपटॉपवर हे करता येते, त्यामागे या खुलेपणाचा मोठा वाटा आहे.

पुस्तकाचे पहिले प्रकरण रांगोळीचे आहे. रांगोळीच्या पुस्तकात आकृतीखाली '१५ ते ८' असे लिहिलेले असते. ज्या घरात ठिपक्यांची रांगोळी घातली जाते तिथे याचा अर्थ सांगावा लागत नाही. मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, ८ पर्यंत. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्धे अंतर सरकलेली. एकूण १६९ ठिपक्यांची जागा या तीन शब्दांत ठरून जाते. लेखिकेने त्याचा जसाच्या तसा प्रोग्रॅम केला आहे. ओळींचे क्रमांक उणे ७ पासून ७ पर्यंत, आणि ओळीतले ठिपके १५ वजा त्या क्रमांकाची चिन्हाविना किंमत. बस. मग तिच्या लक्षात आले की पडद्यावरची रांगोळी उभट दिसते आहे. ठिपक्यांचे आडवे आणि ओळींचे उभे अंतर तिने सारखेच ठेवले होते. शेजारच्या तीन ठिपक्यांचा समभुज त्रिकोण व्हायचा तर ओळींमधले अंतर आडव्या अंतराच्या सुमारे ०.८७ पट हवे. उंबऱ्याशी बसलेली आजी हे नजरेने जुळवते. संगणकाला ते आकड्यात सांगावे लागते, आणि सांगायचे तर आधी स्वतःला कळावे लागते. ग्रेड परीक्षेत कर्तव्यभूमिती नावाचा पेपर आपण सगळ्यांनी कंपासपेटी घेऊन निमूटपणे सोडवलेला असतो. त्याचा उपयोग काय, याचे उत्तर या प्रकरणात आहे.

रांगोळी आणि संगणकशास्त्र यांचा संबंध लेखिकेने ओढूनताणून जोडलेला नाही. तमिळनाडूतल्या कोलमचा, म्हणजे तिथल्या रांगोळीचा, असा अभ्यास मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७० च्या दशकात केला. ठिपक्यांभोवती वळत जाणाऱ्या रेषांना व्याकरणाचे नियम लावता येतात आणि त्या नियमांतून नवी कोलम तयार होतात, हे दाखवणारा त्यांचा शोधनिबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. दारापुढे रोज काढून रोज पुसल्या जाणाऱ्या आकृतींमध्ये औपचारिक भाषांच्या सिद्धांताला पुरेल एवढे गणित आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

दुसऱ्या प्रकरणापासून आकस्मिकता येते आणि इथे पुस्तक खऱ्या अर्थाने रंगते. लेखिकेने जर्मनीतल्या गेओर्ग नेस यांच्या 'शॉटर' या चित्राची नक्कल केली आहे. नक्कल म्हटले तरी त्यात कमीपणा नाही, चित्रकलेचे विद्यार्थी जुन्या चित्रांच्या नकला करूनच शिकत आले आहेत. १९६८ च्या सुमाराचे हे चित्र आहे. आडवे १२ आणि उभे २२ असे चौरस एकाखाली एक मांडलेले. वरची ओळ शिस्तीत उभी, आणि जसजसे खाली यावे तसतसे चौरस कलत, सरकत, एकमेकांवर आदळत विस्कटून जातात. प्रोग्रॅम सोपा आहे. प्रत्येक चौरसाला थोडे फिरवायचे आणि थोडे ढकलायचे. किती, ते संगणकाने एका मर्यादेत यादृच्छिकपणे ठरवायचे. फक्त ती मर्यादा ओळीच्या क्रमांकाबरोबर वाढवत न्यायची. 'शॉटर'चे सगळे नाट्य या एका गुणाकारात आहे. लेखिकेने तो गुणाकार काढून टाकलेले चित्रही शेजारी छापले आहे. त्यात सगळीकडे सारखाच गोंधळ आहे आणि नजर कुठेच ठरत नाही. गोंधळ दिसायला शिस्त शेजारी असावी लागते, हे ज्याला चित्रकलेच्या तासाला कुणी सांगितले नसेल त्याने ही दोन चित्रे नीट पाहावीत.

नेस यांनी अशी चित्रे १९६५ च्या फेब्रुवारीत श्टुटगार्टमध्ये मांडली होती. संगणकाच्या चित्रांच्या जगातल्या पहिल्या प्रदर्शनांत त्याची गणना होते. तिथे जमलेल्या काही चित्रकारांना ते मुळीच रुचले नव्हते. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बेल लॅब्जच्या मायकल नोल आणि बेला यूलेश यांची चित्रे हॉवर्ड वाइज गॅलरीत लागली. नोल यांनी एक गमतीदार प्रयोगही केला. पीट मोंद्रियान यांच्या १९१७ सालच्या आडव्या-उभ्या रेघांच्या चित्रासारखे एक चित्र त्यांनी संगणकाकडून काढून घेतले आणि दोन्हींच्या प्रती १०० जणांपुढे ठेवल्या. ५९ जणांना संगणकाचे चित्र जास्त आवडले. संगणकाचे कोणते हे फक्त २८ जणांना बरोबर ओळखता आले. या आकड्यांवरून संगणक मोंद्रियानपेक्षा मोठा चित्रकार ठरत नाही. रेघा कशाबद्दल काढायच्या हे मोंद्रियान यांनी आधी शोधले होते, नोल यांच्या यंत्राला ते आयते मिळाले. पण हाताचा स्पर्श नसलेल्या चित्राकडे पाहताना आपण काय पाहतो, हा प्रश्न तेव्हापासून आजवर सुटलेला नाही.

तिसरे प्रकरण मला सर्वांत आवडले. 'रँडम' या सूचनेने आलेले आकडे उड्या मारतात. आधी १०, मग ८७, मग ३. अशा आकड्यांनी डोंगराची रेघ काढली तर करवतीचे दाते दिसतात. 'नॉइज' ही दुसरी सूचना दिली तर आकडे शेजाऱ्याचा हात धरून येतात. १०, मग ११, मग १३, मग १२. आता रेघ सह्याद्रीच्या माथ्यासारखी दिसू लागते. ही सूचना अमेरिकन संशोधक केन पर्लिन यांची देणगी आहे. 'ट्रॉन' या १९८२ च्या चित्रपटासाठी काम करताना संगणकाने काढलेल्या गोष्टी फार यांत्रिक, फार गुळगुळीत दिसतात हे त्यांना खटकले. पुढे त्यांनी बसवलेल्या या पद्धतीवरचा निबंध १९८५ मध्ये आला, आणि १९९७ साली त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पडद्यावर आपण पाहतो त्या ढग, धूर, संगमरवर, लाटा यांतल्या कितीतरी गोष्टींच्या मुळाशी हीच कल्पना आहे. लेखिकेने तिचा उपयोग पावसासाठी केला आहे. घाटातला पाऊस वाऱ्याने तिरका होतो, सरीचा जोर वाढतो आणि ओसरतो. तिच्या आधीच्या स्केचमध्ये थेंब नुसते पडत होते, 'नॉइज' आल्यावर सरी दिसू लागल्या.

रंगांच्या प्रकरणात तिने एक साधे गणित केले आहे. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या तर १,६७,७७,२१६ रंग हाताशी येतात. त्यातून संगणकाला मनाला येईल तसे उचलू दिले की जवळजवळ प्रत्येक वेळी मातकट, भांडणारा रंगमेळ निघतो. मग तिने स्वतः पाच रंग निवडले आणि यंत्राला फक्त त्या पाचांत फिरण्याची मोकळीक दिली. चित्र लगेच सुधारले. याच ठिकाणी मला माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. या कामातली कला निवडीत आहे. कोणती गोष्ट ठाम ठरवायची, कोणती यंत्रावर सोडायची, सोडायची तर किती मर्यादेत, आणि शंभर वेळा रन केल्यावर निघालेल्या शंभरांतले कोणते ठेवायचे. शेवटचा निर्णय पाहणाऱ्या डोळ्याचा असतो. तो डोळा कोडिंगने आयता मिळत नाही, तो पाहून पाहून तयार करावा लागतो.

म्हणूनच या कलेचा इतिहास संगणकाच्या आधी सुरू होतो, असे मी मानतो. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये राहिलेल्या व्हेरा मोलनार १९५९ पासून 'काल्पनिक यंत्र' मनात धरून चित्रे काढत होत्या. आधी नियम लिहायचे आणि मग आपणच यंत्र असल्यासारखे ते पाळायचे. खरा संगणक त्यांच्या हाती १९६८ मध्ये आला. २०२३ साली, शंभरीच्या उंबरठ्यावर त्यांचे निधन झाले, तोवर त्या काम करत होत्या. आपल्या मुंबईतही त्याच सुमारास असे काही घडले होते, ते मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून १९६९ मध्ये 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' उभे केले. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले यांनी एकमेकांच्या साधनांना हात लावून पाहावा, हा हेतू. तिथे त्यांनी 'सिझिजी' नावाचा सुमारे ११ मिनिटांचा मूक अॅनिमेशनपट केला. रेषा आणि बिंदू कसे पुढे सरकतील याची गणिती मांडणी करून त्यांनी हाताने सुमारे १००० रेखाचित्रे काढली, आणि अॅनिमेटर राम मोहन यांनी ती चालती केली. संगणक कुठेच नव्हता. तरी 'ड्रॉ'मधल्या सूचना सेकंदाला ६० वेळा पाळणारे आजचे स्केच आणि पदमसींचा तो चित्रपट एकाच विचाराचे आहेत. लेखिकेने पदमसींचा उल्लेख केलेला नाही. दुसऱ्या आवृत्तीत तो करावा, अशी माझी सूचना आहे.

निवडीची कसोटी किती कडक असू शकते याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकन कलाकार टायलर हॉब्ज यांच्या 'फिडेंझा'चे आहे. २०२१ मधली ही ९९९ चित्रांची मालिका एकाच प्रोग्रॅममधून निघाली. विकत घेणाऱ्याला आपल्या वाट्याला कोणते चित्र येणार हे आधी माहीत नसे, आणि वाईट निघालेले बाजूला काढण्याची सोय कलाकारालाही नव्हती. नियमच असा हवा होता की त्यातून निघणारे प्रत्येक चित्र उभे राहील. त्या काळात अशा चित्रांच्या बाजारात पैशांचा जो पूर आला आणि ओसरला त्याची चर्चा इथे नको. विद्यार्थ्याने घ्यायचे ते एवढेच की एक चांगले चित्र काढणे आणि चांगली चित्रे काढणारा नियम लिहिणे ही दोन वेगवेगळ्या अवघडपणाची कामे आहेत.

आता सध्याचा अटळ प्रश्न. एका ओळीत मागणी टाइप केली की कृत्रिम बुद्धिमत्ता काही क्षणांत चित्र देते, तर ठिपक्यांपासून सुरुवात कशाला करायची? लेखिकेने याचे उत्तर उपदेशाने दिलेले नाही, घडलेले सांगितले आहे. माशांच्या थव्याचे स्केच अडले तेव्हा तिने एआयकडून कोड लिहून घेतला. तो पहिल्या फटक्यात चालला. पण थवा जरा सैल हवा होता, आणि त्यासाठी कोणता आकडा हलवायचा हे तिला सांगता येईना. शेवटी तिने तो बाजूला ठेवला आणि तीन नियमांपासून पुन्हा सुरुवात केली. शेजाऱ्याला धडकू नको, शेजारी ज्या दिशेने जातात त्याच दिशेने चल, घोळक्याच्या मध्याकडे ओढ घे. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये मांडलेले हे नियम तिला आता पाठ आहेत, आणि थवा सैल कसा करायचा हेही. मी एआयच्या विरोधात नाही. पण जे चित्र आपल्याला बदलता येत नाही ते आपण काढले असे म्हणू नये, एवढा आग्रह विद्यार्थ्याने स्वतःशी धरावा.

पुस्तकात उणिवाही आहेत. चमचमणाऱ्या कणांचे प्रकरण इंटरनेटवरच्या शेकडो व्हिडिओंत दिसते तसेच आहे. त्यात लेखिकेची स्वतःची नजर सापडत नाही. आवाजावर हलणाऱ्या चित्रांचे प्रकरण घाईत उरकले आहे. काही ठिकाणी सुंदर दिसल्याबरोबर ती थांबली आहे, आणखी एक आकडा हलवायला हवा होता. उलट एका गोष्टीचे कौतुक करायलाच हवे. पी-फाइव्ह-जेएस ज्या भाषेत चालते त्या जावास्क्रिप्टमध्ये चलांची नावे देवनागरीत लिहिलेली चालतात, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. लेखिकेने 'ओळ', 'अंतर', 'ठिपका', 'कल' अशी नावे वापरली आहेत. त्यामुळे कोडच्या पानावरून नजर फिरवली तरी कोणता आकडा कशाचा हे कळते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना यामुळे निम्मा धीर येईल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. आपल्याकडे दहावीला मुलांची वाटणी होते. चित्र काढणारे एकीकडे आणि गणित करणारे दुसरीकडे. साइन आणि कोसाइन बारावीपर्यंत केवळ मार्कांसाठी घोकले जातात. या पुस्तकात साइनने लाट हलते आणि साइन-कोसाइनच्या जोडीने पाकळ्या गोलाकार बसतात. एखाद्या शाळेच्या संगणक खोलीत आठवड्यातून एक तास जरी चित्रकलेचे आणि गणिताचे शिक्षक एकत्र बसले तरी या पुस्तकातली पहिली तीन प्रकरणे सहज करून घेता येतील. त्यासाठी महाग यंत्र लागत नाही, नोकरीची हमी देणाऱ्या क्लासचीही गरज नाही. लागते ती चुकलेले चित्र लगेच पुसून न टाकण्याची सवय, कारण बऱ्याचदा चुकलेल्या कोडमधूनच पुढच्या चित्राची वाट निघते.

वाचकाला एवढेच सांगतो. हे पुस्तक आडवे होऊन वाचू नका. समोर संगणक ठेवा, नसेल तर मित्राचा मागून घ्या. '१५ ते ८'ची रांगोळी स्वतः टाइप करा, कॉपी-पेस्ट करू नका. ती पडद्यावर आली की एक आकडा बदला, पण रन करण्याआधी काय दिसेल ते कागदावर काढून ठेवा. अंदाज बरोबर आला तर पुढच्या पानावर जा. चुकला तर त्याच पानावर थांबा आणि का चुकला ते शोधा.